परदेशी कारखान्यातील सहा महिने

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हां दोघा मावसभावांना बोलावले आणि विषय दिला की, तुम्ही इटलीत जाऊन इंजिनिअरिंगची इंटर्नशिप करून आलात, तिचे अनुभव सांगा. आमच्यापैकी एकाचे घर बारामतीत आणि दुसऱ्याचे इंदापूर तालुक्यात. दोघेही मेकॅनिकलचे. आज उभा एकजण असला तरी हा मजकूर आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून सगळीकडे 'आम्ही' असेच म्हणू. प्रवासवर्णन करायचे नाही एवढे मात्र आधीच ठरवले. विमानातून ढग कसे दिसतात आणि पिसाचा मनोरा किती कलला आहे हे टी.व्ही.वर सर्वांनीच पाहिलेले आहे. कारखान्याच्या आत जे पाहिले तेच सांगतो. कारण ह्या हॉलमध्ये बसलेल्या घरांपैकी निम्म्या घरांतून कोणी ना कोणी सकाळी डबा घेऊन एमआयडीसीत जाते, आणि तिथे जाणाऱ्याच्या कामाचाच हा विषय आहे. इंटर्नशिप म्हणजे तरी काय? आपल्या जुन्या भाषेत शिकाऊ उमेदवारी.

आम्ही गेलो ते २०२३ च्या फेब्रुवारीत आणि परत आलो जुलैअखेर. कारखाना होता पोंतेदेरा ह्या गावाजवळ. इटलीच्या तोस्काना प्रांतात, पिसा शहरापासून फार लांब नाही, एरा नावाची नदी आर्नो नदीला मिळते तिथे हे गाव वसले आहे. एरा नदीवरचा पूल म्हणून पोंतेदेरा. वस्ती आपल्या बारामतीच्या निम्म्याएवढी. पण बारामतीकराला हे गाव सोयऱ्याचे वाटावे असे आहे, कारण पियाजिओ कंपनीचा मुख्य कारखाना तिथे आहे. आपल्या एमआयडीसीत १९९९ पासून ज्या तीनचाकी गाड्या तयार होतात, त्यांचे ते माहेर. निमगाव केतकीची पाने, बाजारची भाजी, शाळेची पोरे, लग्नाचे वऱ्हाड, काय काय म्हणून नेले नाही आपण त्या गाडीतून! आपण तिला 'अ‍ॅपे' म्हणतो. इटालियनमध्ये त्याचा उच्चार 'आपे' आणि अर्थ मधमाशी. तिची थोरली बहीण व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी.

ह्या दोन माश्या कशा जन्मल्या हे ऐकण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धाआधी पोंतेदेराच्या कारखान्यात विमाने बनत. युद्धात बॉम्ब पडले, कारखाना उद्ध्वस्त झाला, युद्ध संपले तेव्हा विमाने बनवायची सोय राहिली नव्हती आणि माणसांना काम नव्हते. तिथे कोरादिनो द'आस्कानियो नावाचे विमानाचे इंजिनिअर होते. त्यांनी बनविलेले हेलिकॉप्टर १९३० सालीच उडाले होते. ह्या माणसाला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. साखळीचे तेल कपड्यांना लागते, पंक्चर झाले तर चाक काढता काढता नाकी नऊ येतात, ही त्यांची तक्रार. मग त्यांनी साखळीच काढून टाकली, इंजिन पत्र्याखाली झाकले, गिअर हँडलवर आणले आणि विमानाचे चाक जसे एकाच बाजूने धरलेले असते तसे चाक बसवले. १९४६ साली व्हेस्पा आली. दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, तिच्या मागच्या बाजूला दोन चाके आणि माल ठेवायला हौदा जोडून आपे आली, कारण लहान दुकानदाराकडे ट्रक घ्यायला पैसे नव्हते. गावात कंपनीचे संग्रहालय आहे. तिथल्या जुन्या आपेसमोर आम्ही दोघे बराच वेळ उभे राहिलो. आपल्या बाजारतळावर उभी असते तशीच ती उभी होती, फक्त पुसून लख्ख केलेली.

आम्ही परत आल्यावरची बातमी अशी की, २०२४ च्या अखेरीस पोंतेदेरात आपे बनविणे बंद झाले. युरोपातील धुराचे आणि सुरक्षिततेचे नवे नियम त्या छोट्या गाडीला पेलवेनात. शहात्तर वर्षांनी मधमाशीने तिथले पोळे सोडले, आणि आता ती आपल्या बारामतीत बनते. आम्हांला ह्याचा अभिमान वाटला, खोटे कशाला बोला. पण एक गोष्ट मनात रुतून बसली. गाडी बनवायला आपले हात आहेत. तिची रेघ कागदावर ओढायला जे बसतात, त्यांत आपल्या वस्तीतली पोरे किती? ह्या प्रश्नाकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

आता आमच्या कारखान्याविषयी. तो पियाजिओ नव्हे. त्या परिसरात सुटे भाग बनविणारे लहानमोठे पुष्कळ कारखाने आहेत, त्यांपैकी साठ-सत्तर माणसांचा एक. तिथे गिअर आणि शाफ्ट बनत. गिअर कसा बनतो हे माता-भगिनींना थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. गरम स्टील दाबून घडविलेला एक गोळा येतो. तो लेथवर गोल आणि गुळगुळीत करतात. मग दुसऱ्या मशिनवर त्याला दाते पाडतात. त्यानंतर तो नऊशे अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत कित्येक तास ठेवतात. त्या भट्टीतल्या वायूत कार्बन असतो, तो स्टीलच्या कातडीत मुरतो. मग एकदम तेलात विझवतात. ह्याने काय होते? वरचा मिलिमीटरभराहून कमी असा थर काचेसारखा कठीण होतो आणि आतला गाभा चिवट राहतो. चांगल्या भाकरीसारखे आहे बघा, वरचा पापुद्रा कडक आणि आत मऊ. सगळाच गिअर कडक केला तर धक्क्याने दाता तुटेल, सगळाच मऊ ठेवला तर झिजेल. गोम अशी की भट्टीत गेलेला दाता किंचित वाकतो. किती? आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्याच्या पाव हिश्शाएवढाही वाकला तरी गिअर किरकिरतो. म्हणून भट्टीत तो किती वाकेल हे आधीच ओळखून दाते थोडे उलट्या बाजूला झुकते पाडायचे. आता कॉम्प्युटर आहेत, पण तिथल्या जुन्या कामगारांच्या वह्या अजून कपाटात आहेत आणि कॉम्प्युटरचे उत्तर पटले नाही की त्या वह्या उघडतात.

असल्या कारखान्यात आम्ही हौसेने गेलो, आणि पहिले तीन आठवडे आम्हांला एकाही मशिनपाशी उभे केले नाही. दोघांना एकेक लोखंडी ठोकळा दिला, एक कानस दिली, एक गुण्या दिला आणि व्हाइससमोर उभे केले. ठोकळ्याच्या सहाही बाजू सपाट आणि एकमेकींशी काटकोनात आल्या पाहिजेत, बस्स. ठोकळा घासायचा, निळा रंग लावलेल्या सपाट लोखंडी पाटावर फिरवायचा, जिथे निळे लागले तिथे उंचवटा आहे असे समजून तेवढेच परत घासायचे. गुण्या लावून उजेडाकडे धरायचे. फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. तळहाताला फोड आले, फुटले, त्यांवर नवी कातडी आली. तिसऱ्या आठवड्यात हात आपोआप सरळ चालू लागला आणि केसभर उंचवटा बोटाला कळू लागला.

आता गंमत ऐका. आपल्या आयटीआयला फिटर ट्रेडच्या मुलांना पहिल्या वर्षी हेच शिकवतात. अगदी हेच. ठोकळा, कानस, गुण्या. आणि डिग्रीची मुले त्यांना 'आयटीआयवाला' म्हणून नाक मुरडतात. आम्ही जिथे सहा हजार किलोमीटर ओलांडून पोहोचलो, तिथे इंजिनिअरच्या शिक्षणाची पहिली पायरी आयटीआयच्या पहिल्या वर्षाची निघाली.

शिकवणारे गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे, निवृत्त झालेले, आठवड्यातून दोन दिवस येत. सगळे त्यांना माएस्त्रो म्हणत, म्हणजे गुरुजी. इंग्रजी त्यांना येत नव्हते आणि आमचे इटालियन कामापुरते, पण हातातल्या वस्तूवरून बोलणे होत असे. हे गुरुजी शाळा अर्धवट सोडून चौदाव्या वर्षी कारखान्यात झाडू मारायला लागले होते. मग झाडूवाल्याचे गुरुजी कसे झाले? तर १९७३ साली इटलीतील धातुकाम करणाऱ्या कामगारांच्या संघटनांनी मालकांशी करार केला. त्यात पगारवाढ होतीच, पण एक कलम असे होते की, कामगाराला तीन वर्षांत दीडशे तास शिक्षणासाठी भरपगारी मिळतील. सरकारी शाळांत त्यांच्यासाठी वर्ग निघाले. लाखो कामगारांनी त्या वर्गांतून आपल्याकडच्या आठवीसारखी परीक्षा दिली. आमचे गुरुजी त्यांपैकी एक. पुढे ते रात्रीच्या वर्गात ड्रॉइंग शिकले, तिथून टर्नर, तिथून भट्टीचे जाणकार.

आपल्याकडे युनियन म्हटले की बोनस, ओव्हरटाइम आणि गेटसभा आठवते. त्यांत वाईट काही नाही, पोट आहे. पण कामगारांनी संप करून शाळेचे तास मागितले हे आम्ही प्रथमच ऐकले.

दुसरी गोष्ट ड्रॉइंगची. ड्रॉइंग म्हणजे भागाचा नकाशा. त्यात प्रत्येक माप आणि ते किती कमीजास्त चालेल हे लिहिलेले असते. त्या कारखान्यात प्रत्येक मशिनशेजारी ड्रॉइंग लावलेले होते, आणि शेजारी दोरीला बांधलेली तांबडी पेन्सिल. कामगाराला काही खटकले की त्याने त्या कागदावर लिहायचे. शुक्रवारी डिझाइनचा माणूस ते कागद गोळा करायचा आणि सोमवारी उत्तर द्यायचा, होय किंवा नाही, आणि नाही तर का नाही. आमच्या डोळ्यांसमोर एका टर्नरने शाफ्टच्या पायरीचा कोपरा जास्त गोलसर करावा असे लिहिले. कारण कोपरा टोकदार असला की सगळा ताण तिथेच साचतो आणि शाफ्ट नेमका तिथून मोडतो. पिशवीचा बंद शिवणीच्या टोकालाच फाटतो, तसे. दोन आठवड्यांनी नवे ड्रॉइंग आले, कोपरा गोल झालेला. टर्नरने पाहिले, मान हलवली आणि कामाला लागला. त्याला त्यात विशेष असे काहीच वाटले नाही. आम्हांला मात्र रात्री झोप येईना.

कारण आम्हांला आमचे आजोबा आठवत होते. आईचे वडील, म्हणून दोघांचेही आजोबा. ते एका साखर कारखान्यात फिटरचे हेल्पर होते. तीस वर्षे हेल्पर. गळीत हंगामात मिल चालू असताना लोखंडी सळईचे एक टोक बेअरिंगवर आणि दुसरे कानाशी धरून ते सांगत, हे दोन दिवसांत तापणार. आणि ते तापायचे. नवा इंजिनिअर आला की आधी विचारी, "बाबा कुठे आहेत?" रोलर बसवताना पितळी बेअरिंग खरवडून बसते करायचे काम त्यांच्याइतके नेटके कोणाला जमत नसे. पण ड्रॉइंग? ते साहेबांच्या कपाटात, कुलपात. आजोबांच्या हाती यायचा तो मापे लिहिलेला कागदाचा चिटोरा. त्यांना वाचता येत होते हो! रात्री कंदिलाखाली ते पोथीसारखे वर्तमानपत्र वाचायचे. त्यांच्या हाती तो मोठा कागद कोणी दिला नाही, आणि तो मागता येतो हे त्यांना कोणी सांगितले नाही. त्यांच्या कानात जे होते ते त्यांच्याबरोबर गेले. तांबडी पेन्सिल असती तर कुठेतरी ते लिहिलेले राहिले असते.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये सांगून ठेवले आहे की, जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. हे वाक्य आपण भाषणात ऐकतो, टाळ्या वाजवतो. आम्हांला त्याचा अर्थ ठोकळा घासताना कळला. आपल्या देशात ज्याच्या हातात कानस त्याच्या हातात कागद नाही, आणि ज्याच्या हातात कागद त्याने कानस धरायची नाही. एकाला अक्कल नाही असे धरलेले आणि दुसऱ्याला हात मळवणे कमीपणाचे. नुकसान दोघांचेही आणि गिअरचे तिसरे.

बाबासाहेब कोलंबियाला गेले, लंडनला गेले, हे लहान पोरही सांगेल. पण ते १९४२ च्या जुलैत व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले आणि २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना एक लांबलचक निवेदन दिले, त्यात काय मागितले, हे फार कमी सांगितले जाते. त्यांनी म्हटले की नुसत्या आर्ट्स आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्य समाजाचे फारसे भले होणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरचे शिक्षण हवे. त्यासाठी इथल्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्या आणि परदेशी शिक्षणासाठी वेगळे अनुदान मागितले. आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या, हेही त्याच निवेदनात आहे. म्हणजे एका हाताने परदेशची पदवी आणि दुसऱ्या हाताने वर्कशॉप, दोन्ही एकदम. त्याच काळात ब्रिटनचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाची योजना चालू होती. १९४१ पासून भारतीय तरुण कामगारांना इंग्लंडमध्ये लेचवर्थ इथल्या प्रशिक्षण केंद्रात आणि पुढे तिथल्या कारखान्यांत शिकायला पाठवत. शेकडो जण गेले. ही योजना भारत सरकारच्या ज्या मजूर खात्याकडे होती, ते खाते बाबासाहेबांकडे होते. तेव्हा परदेशी कारखान्यात जाऊन हात काळे करून येणे ही काही आमची नवी टूम नाही. ती ऐंशी वर्षांपूर्वीची वाट आहे.

इथे थोडे विषयांतर. पोंतेदेराहून जवळच सांता क्रोचे नावाचे गाव आहे. चामडे कमावण्यासाठी सगळ्या जगात प्रसिद्ध. एका रविवारी आम्ही तिथे गेलो. गावात शिरताच जो वास आला तो आमच्या थोरल्या मंडळींनी ओळखला असता. पण तिथे चामड्याचे शास्त्र शिकायला शाळा आहे, प्रयोगशाळा आहे, आणि तो धंदा आपल्या घराण्यात तीन पिढ्या आहे हे माणसे छाती पुढे काढून सांगतात. चामडे तेच, हात तेच, फक्त त्याला विटाळ चिकटवणारे कोणी नव्हते. हेही सांगितले पाहिजे की, ओल्या कातड्याचे जड काम करताना दिसले ते बहुतेक आफ्रिकेतून आलेले लोक. म्हणजे तिथे सगळे बरे चालले आहे असे समजू नका.

त्याच ओघात वाईट तेही सांगतो. २०२४ च्या जूनमध्ये इटलीच्या लातिना भागात एका भारतीय शेतमजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. मालकाने त्याला दवाखान्यात न नेता घराजवळ आणून टाकले, आणि दोन दिवसांनी तो गेला. त्याच्याकडे कामाची कागदपत्रे नव्हती. तिथल्या लोकांनी मोठे मोर्चे काढले, पण गेलेला माणूस गेला. म्हणून जे पालक आम्हांला विचारतात की, आमच्याही पोराला पाठवता येईल का, त्यांना आमचे पहिले सांगणे हे की, 'परदेशात ट्रेनिंग' म्हणून पाचपाच लाख मागणारे एजंट गावोगाव फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. आधी कंपनीचे पत्र मागा. त्यात कोणते काम शिकवणार, किती तास, कोण शिकवणार, विमा कोणाचा, हे लेखी असले पाहिजे. पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात द्यायचा नाही. दिला की माणूस गुलाम झाला. आम्ही कॉलेजमधल्या एका सरांच्या ओळखीने गेलो, कारखान्याचे पत्र तीन पानी होते, आणि त्यातले प्रत्येक कलम सरांनी भाषांतर करून आमच्या आयांना वाचून दाखवले.

खर्चाचे विचाराल तर प्रत्येकी अडीच लाखांच्या आसपास लागले. निम्मे पतसंस्थेचे कर्ज, थोडे आईच्या बचतगटातून, उरलेले मामांनी दिले. तिथे राहण्याजेवण्यापुरते पैसे कारखाना देत असे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप ह्या दोन्ही पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी आहेत. ज्यांना तेवढे शिकायचे आहे त्यांनी त्या जरूर घ्याव्यात. पण कारखान्यात सहा महिने शिकायला जाणाऱ्या डिप्लोमाच्या किंवा आयटीआयच्या मुलाला त्यांचा उपयोग नाही. बाबासाहेबांच्या निवेदनातला वर्कशॉपचा भाग इथे गळून पडलेला आहे, तो मागायला हवा. २ नोव्हेंबर २०२३ रोजी भारत आणि इटली यांच्यात करार झाला. तिथे शिक्षण पूर्ण करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला कामाच्या अनुभवासाठी बारा महिने राहू देण्याची त्यात तरतूद आहे. मोठ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

जेवणाचे हाल झाले का, हा प्रश्न आज सकाळपासून सात जणींनी विचारला, म्हणून सांगतो. पिसाकडे चेचिना म्हणून पदार्थ मिळतो. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ पाण्यात कालवायचे, मीठ आणि तेल घालायचे आणि मोठ्या परातीत भट्टीत भाजायचे. पिठल्याच्या वडीची सख्खी बहीण. त्यावर मिरपूड टाकतात, हिरवी मिरची मात्र आम्ही नेलेली.

आणि एक दिवस सांगायलाच हवा. १४ जुलै २०२३, शुक्रवार. आपल्याकडे दुपारचे दोन पस्तीस, तिथे सकाळचे अकरा पाच. कॉफीची सुटी होती. आम्ही मोबाइल मशिनला टेकवून ठेवला आणि चंद्रयान-३ उडताना सगळ्यांनी मिळून पाहिले. रॉकेटच्या दोन्ही अंगांना जे दोन जाडजूड बूस्टर असतात, सव्वातीन मीटरच्या आसपास व्यासाचे, त्यांच्या कवचाचे भाग आमच्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनलेले होते. जिथे सुरुवातीला ऊस आणि साखर होती, तिथे साखर कारखान्याची यंत्रे बनू लागली, पुढे अणुभट्टीचे भाग आणि रॉकेटची कवचे. आम्ही हे सांगितल्यावर मोजमापाच्या खोलीच्या प्रमुख बाई पुढे आल्या. त्या कारखान्यात त्यांचा शब्द शेवटचा असे. त्यांनी माल नापास केला की मालकाचेही चालत नसे. त्यांनी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. विचारले, एवढ्या मोठ्या नळीचा गोलपणा मोजता कसा? वेल्डिंग करणाऱ्याला ड्रॉइंग वाचता येते का? आम्ही म्हटले, असल्या कामाच्या वेल्डरला वेगळी परीक्षा द्यावी लागते, ड्रॉइंग वाचल्याशिवाय चालतच नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, मग तुम्ही इतक्या लांब कशाला आलात? आम्ही हसलो. पण प्रश्न बरोबर होता. जिथे काम अवघड असते तिथे आपल्या तालुक्यातसुद्धा हात आणि डोके एकाच माणसाचे लागते, आणि ते मिळतेही. बाकीच्या शेकडो जागी आपल्या मुलांना 'हेल्पर' म्हणून घेतात, अकरा महिन्यांच्या ठेक्यावर, आणि ती दहा वर्षे हेल्परच राहतात, कारण कागद त्यांच्यापर्यंत येत नाही.

परत आल्यावर आम्ही आमच्या वस्तीतल्या, आयटीआय झालेल्या काही मुलांशी बसलो. हात चांगले आहेत. एकाने तर आम्हांला कानस धरायची त्याची पद्धत दाखवली, ती गुरुजींनाही आवडली असती. पण ड्रॉइंग समोर ठेवले की तो गप्प. परीक्षेपुरते शिकले होते, पुढे रोजच्या कामात त्याच्याकडे पाहायची वेळच आली नाही. विसरले. आणि डिग्रीच्या मुलांचे नेमके उलटे. त्यांना कॉम्प्युटरवर सगळे काढता येते, पण ते माप लोखंडात आणायला किती घाम लागतो हे माहीत नाही. दोघे एकाच गल्लीत राहतात आणि एकमेकांशी कामाचे बोलत नाहीत.

म्हणून समितीकडे आम्ही एक विनंती केली होती आणि ती मान्य झाली आहे. विहाराच्या वरच्या मजल्यावरची खोली दर रविवारी दुपारी चार ते सहा मिळणार आहे. तिथे ड्रॉइंग वाचायचा आणि काढायचा वर्ग सुरू करतो आहोत. आयटीआय, डिप्लोमा, डिग्री, सगळे एकाच टेबलावर. कंपन्यांची ड्रॉइंग आणायची नाहीत, ती त्यांची मालमत्ता असते. घरातली वस्तू आणायची. कुलूप, नळाची तोटी, शिलाई मशिनचा भाग, जे सापडेल ते. ते उघडायचे, व्हर्निअरने मोजायचे आणि कागदावर उतरवायचे. डिग्रीवाल्याने कानस धरायची आणि आयटीआयवाल्याने त्याला ती शिकवायची, ही अट आहे. फी नाही. तीन व्हर्निअर आम्ही आणलेत, एक व्हाइस आजोबांचा आहे. टेबल मामा करून देत आहेत. सुतारकामाचे पैसे घेणार नाही म्हणाले, पण प्लायवूडचे दोन हजार कमी पडतात, ते ज्यांना द्यावेसे वाटतील त्यांनी खजिनदारांकडे पावती घेऊन द्यावेत.

मुलींनी यावे. त्यांच्या आयांना एवढेच सांगतो की वर्ग सहाला सुटेल आणि खालच्या हॉलमध्ये त्या वेळी महिला मंडळाची बैठक असतेच. जुने कामगार असतील, निवृत्त फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन, त्यांनी तर यायलाच हवे. तुमच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवू आणि एक जाड वही ठेवू. तुम्ही बोला, लिहून आम्ही घेऊ.

येत्या रविवारी पहिला वर्ग. येताना एचबी पेन्सिल, खोडरबर आणि एक तांबडी पेन्सिल आणा. जयभीम.